मीटर लावा, पण रस्ता तर होऊ द्या!

"रस्त्याच्या आवाजाचं सिम्युलेशन (कॉम्प्युटरवर काढलेला हिशेब) म्हणजे निव्वळ अंदाजपंचे दाहोदरसे. तासभर आवाज मोजणारा मीटर लावा, खरं काय ते कळेल. तसंही गाड्या निम्म्या झाल्या की आवाज निम्मा आणि इलेक्ट्रिक गाड्या आल्या की विषयच संपला." हा मजकूर सध्या जोरात फिरतोय.

अंदाजपंचे? ब्रिटनची ठरलेली हिशेबपद्धत १९७५ची आहे, १९८८ला ती सुधारली. तासाला गाड्या किती, त्यात जड वाहनं किती, वेग, चढ, रस्त्याचा पृष्ठभाग, मधली जमीन टणक की मऊ, आवाज अडवणारी भिंत कुठे, हे सगळं तिच्यात येतं. आणि तिची सूत्रं प्रत्यक्ष मोजमापांवरूनच बसवलेली आहेत. म्हणजे मीटर विरुद्ध कॉम्प्युटर हे भांडणच लुटुपुटूचं.

मीटर त्या तासाचं, त्या जागेचं सांगतो. वारा फिरला की दूरच्या जागी आकडा बदलतो. शिवाय जो रस्ता अजून व्हायचाय, तिथे मीटर काय मोजणार? भिंत तीन मीटरची हवी की चारची, हे ती बांधण्याआधीच ठरवावं लागतं.

'गाड्या निम्म्या, आवाज निम्मा' हे तर साफ चूक. डेसिबल सरळ बेरीज-वजाबाकीने चालत नाही. तासाला १,००० गाड्यांच्या ५०० झाल्या, बाकी सगळं तेच राहिलं, तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला तो निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे गाड्या १०० वर आणाव्या लागतील. त्यात रस्ता मोकळा झाला की लोक गाडी दामटतात, ते वेगळंच.

इलेक्ट्रिकचं म्हणाल, तर युरोपच्या 'क्नॉसॉस' पद्धतीत इंजिनाचा आणि टायरचा आवाज वेगवेगळा काढतात. मोटारीने ताशी ३०-४० किलोमीटर ओलांडले की टायरच वरचढ ठरतो. तेव्हा गल्लीत फरक पडेल, महामार्गावर फारसा नाही.

खरी उणीव या मजकुराच्या नजरेतून सुटलीय. या पद्धती हॉर्न धरत नाहीत. जिथे हॉर्न सतत वाजतो, तिथे हिशेब प्रत्यक्षापेक्षा कमीच येणार. आणि आकडे भरणाऱ्याने फलकावरचा ५०चा वेग टाकला, गाड्या मात्र ७०ने पळत असल्या, तर दोन-तीन डेसिबल तिथेच हरवले. जवळजवळ गाड्या निम्म्याच मोजल्यासारखं.