भेकराची मादी मारायला कसलीही मुभा मिळालेली नाही

गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे: ‘हरणं आटोक्यात ठेवायची तर माद्या माराव्या लागतात. अमेरिकेत सरकारच परवाने देतं. आता आपल्याकडेही भेकर-सांबराची मादी मारायला हरकत नाही.’ यातलं शेवटचं वाक्य साफ खोटं आहे.

आधीचं तिथल्यापुरतं खरं. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नुसते नर मारून जन्म घटत नाहीत. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणीला बरेचदा जुळी होतात, आणि पुष्कळ भागांतून लांडगे केव्हाच संपले. म्हणून संख्येचा अंदाज घेऊन, ठरावीक भागात, ठरावीक हंगामात माद्यांचे परवाने निघतात.

आपलं भेकर बहुधा एकटं फिरतं, एका वेळी सहसा एकच पिल्लू देतं. शिवाय बिबट्या आहे, सह्याद्रीत रानकुत्रे आहेत. तिकडचा हिशेब इकडे लागू कसा होईल?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात नर-मादी असा भेदच नाही. फासकी लावणं, हाकारा घालणं हीसुद्धा शिकारच. अपवादाला मुख्य वन्यजीव रक्षकांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी आदेश लागतो. फासकीत तडफडणारं गाभण भेकर मी पाहिलंय. ते डोळ्यांपुढून जात नाही.

पिकाची नासधूस झाली असेल तर राग रास्तच आहे. भरपाईसाठी लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.