गुडघा टायर नाही: 'गुडघे वाचवा' या संदेशाला उत्तर

सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या 'गुडघे वाचवा' नावाचा लांबलचक संदेश फिरतोय. वर 'एका प्रसिद्ध हाडांच्या डॉक्टरांचा सल्ला' असं लिहिलंय, पण त्या डॉक्टरांचं नाव-गाव काही नाही. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंतचे पेशंट तो मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरतात आणि विचारतात, "मॅडम, मग आम्ही तुमच्याकडे येतो ते चुकतंय का?" मी फिजिओथेरपिस्ट आहे. या वादात माझं पोट अडकलेलं आहे, तेव्हा वाचताना तेवढं लक्षात ठेवा. संदेशातला एक मुद्दा मात्र बरोबर आहे, आणि तो नेमका माझ्याच धंद्यावरचा आहे. त्यावर पुढे येतेच.

*'गुडघा म्हणजे गाडीचा टायर. जितका चालवाल तितका झिजेल. पन्नाशीनंतर चालणं कमी करा, जिने पूर्ण बंद.'*

टायर रबराचा असतो, गुडघा जिवंत असतो. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते, त्या कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि सांध्यावर भार पडतो, उतरतो, तसा तो द्रव तिच्यात खेळता राहतो. म्हणजे ज्याला आपण 'वंगण' म्हणतो ते हालचालीनं संपत नाही, हालचालीनंच ते कामाला येतं. शिवाय गुडघ्याचा संधिवात ही नुसती घासाघीस नाही. वजन, आनुवंशिकता, जुनी दुखापत, सांध्याच्या अस्तराची सूज, कमजोर स्नायू असं बरंच काही त्यात असतं. वापरानंच गुडघे जात असते, तर धावणाऱ्यांचे सगळ्यात आधी गेले असते. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात हौशी धावपटूंमध्ये 3.5 टक्के आणि न धावणाऱ्या, बैठ्या लोकांमध्ये 10.2 टक्के आढळला. स्पर्धांसाठी धावणाऱ्यांत तो 13.3 टक्के होता, तेव्हा अतिरेक वाईट हे खरंच. पण पाचपाखाडीत कचराळी तलावाभोवती चार फेऱ्या मारणाऱ्या काकांना कुणी अतिरेकी म्हणू नये.

खरं नुकसान वेगळंच होतं. चालणं बंद केलं की मांडीचा पुढचा स्नायू भराभर रोडावतो. पाऊल टेकताना बसणारा हिसका झेलणारा तोच. तो ढिला पडला की सगळा भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं, म्हणून माणूस आणखी कमी चालतो. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकू डोळ्यांसमोर आणा. ठाण्यात अशा काकू हव्या तितक्या सापडतील. गुडघे वाचवायचे म्हणून त्या भाजीला उतरेनाशा होतात, मग देवळात जायचं राहतं, पुढे लग्नकार्यालाही 'तुम्ही जाऊन या' सुरू होतं. वर्षभरानं त्या येतात तेव्हा एक्स-रेत फारसा फरक नसतो, पण खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही. या काकूंना 'जिना बंद' सांगणं म्हणजे घरात कोंडणं आहे. त्यांना जिना शिकवायचा असतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, एक हात कठड्याला. काठी वापरायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण नेमकी उलट धरतात.

*'एक्स-रेत गॅप कमी दिसली की व्यायामाचा काही उपयोग नाही.'*

एक्स-रे हाडांचा असतो, दुखण्याचा नाही. गॅप, म्हणजे सांध्यातल्या दोन हाडांमधली फट, पार कमी झालेली माणसं आरामात हिंडताना दिसतात आणि जवळपास स्वच्छ एक्स-रेवाले लंगडतात. वय 45 च्या पुढे, काम केल्यावर दुखणारा सांधा, सकाळचा आखडलेपणा नाही किंवा अर्ध्या तासाच्या आत जाणारा, एवढ्यावर एक्स-रेशिवायही निदान करावं, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. 'ग्रेड फोर आहे', म्हणजे एक्स-रेवरची शेवटची पायरी, हे वाक्य लोक जन्मठेपेसारखं सांगतात. मला त्याहून जास्त रस असतो तो पेशंट किती वेळा उठू-बसू शकतो यात.

*'दुखलं की लगेच थांबा. दुखणं म्हणजे आत झीज चालू आहे.'*

या वाक्यानं मला सर्वांत जास्त त्रास दिलाय, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं. महिनोन्महिने न वापरलेला स्नायू कामाला लावला की सुरुवातीला दुखणं थोडं वाढूही शकतं, आणि त्याचा अर्थ गादी फाटली असा नसतो. डेन्मार्कमध्ये 2013 पासून गुडघा-खुब्याच्या संधिवातासाठी 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम चालतो. आधी आजाराची नीट माहिती, मग देखरेखीखाली व्यायामाच्या 12 बैठका. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे, पाचापर्यंत चालतं. 24 तासांत ते मूळ पातळीवर यायला हवं. आलं नाही तर पुढच्या वेळी मात्रा कमी करायची, व्यायाम बंद करायचा नाही.

आणि व्यायाम म्हणजे फार काही अवघड नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय सरळ करून धरणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून सावकाश उठणं-बसणं. आठ-दहा वेळा सहज जमलं की खुर्ची थोडी बुटकी घ्यायची किंवा पायाला वजन बांधायचं. हे वाढवत नेणं महत्त्वाचं, आणि तेच राहून जातं. तोच हलका व्यायाम वर्षभर करून 'काही फरक नाही' म्हणणारे पुष्कळ.

मात्र मी भलतं आश्वासन देणार नाही. व्यायामानं गादी परत उगवत नाही. सरासरी फायदा मध्यम, वेदनाशामक गोळ्यांच्या जवळपासचा. काहींना बराच, काहींना थोडा. कळायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि व्यायाम सोडला की तो हळूहळू जातो. पण त्यानं पोटात व्रण पडत नाही की मूत्रपिंडावर ताण येत नाही. वजन जास्त असेल तर दोन्ही आघाड्या एकदम उघडाव्यात, कारण एक किलो उतरवलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं हलका होतो.

*'फिजिओथेरपी म्हणजे दहा दिवसांचं मशीनचं पॅकेज. पैसे घालवण्यापेक्षा घरी शेका.'*

हा तो बरोबर मुद्दा. पडदा ओढलेल्या खाटेवर पेशंटला आडवं करायचं, आयएफटी या विजेच्या सौम्य प्रवाहाच्या मशीनच्या चकत्या लावायच्या, पंधरा मिनिटांनी अल्ट्रासाऊंडचं (ध्वनिलहरींनी शेकण्याचं) यंत्र फिरवायचं आणि 'उद्या याच वेळेला या' म्हणायचं, असं चालतं. छान वाटतं, झोपही लागते. पण गुडघ्याच्या संधिवातासाठी आयएफटी, टेन्स (हेही विजेच्या प्रवाहाचंच मशीन), अल्ट्रासाऊंड देऊ नये, असं त्याच नाइसच्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय. शेक घरच्या गरम पाण्याच्या पिशवीनंही घेता येतो, त्याला माझी ना नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर: मशीन निरुपयोगी, म्हणून फिजिओथेरपी निरुपयोगी. अमेरिकेत लष्करी रुग्णालयांतल्या 156 पेशंटवर झालेल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्याला फिजिओथेरपी, म्हणजे हातानं केलेले उपचार आणि व्यायाम. वर्षाअखेर दुखणं आणि हालचाल या दोन्हींत फिजिओथेरपीचा गट पुढे होता.

तेव्हा कुठेही जाल तिथे विचारा, मला व्यायाम शिकवणार का, दर आठवड्याला वाढवणार का, आणि घरी काय करायचं ते लिहून देणार का. तिन्हींचं उत्तर टाळाटाळीचं मिळालं तर पॅकेज घेऊ नका.

*'संधिवात सगळा एकच. हाच उपाय सगळ्यांना पाठवा.'*

कृपया पाठवू नका. बोटांचे लहान सांधे दोन्ही हातांना सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही, थकवा असतो, तर तो आमवात असू शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. तिथे आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे अशा आजारांचे तज्ज्ञ डॉक्टर, आणि मेथोट्रेक्सेटसारखी औषधं, व्यायाम त्यांच्या जोडीला. उशीर झाला तर सांधे वाकडे होतात आणि ते माझ्या हातानं सरळ होत नाहीत. एकाच सांध्याला अचानक सूज, गरमपणा आणि अंगात ताप असेल, किंवा पडल्यावर पाय टेकवत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

*'शेवटी ऑपरेशन आहेच, मग लवकर उरकून घ्या.'*

सांधा बदलणं उत्तम शस्त्रक्रिया आहे, आणि 2017 साली केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा आणल्यापासून ती पूर्वीपेक्षा आवाक्यातही आलीय. पण 'आहेच' हा शब्द खोटा आहे. डेन्मार्कमध्ये ऑपरेशनला पात्र ठरलेल्या 100 पेशंटचे दोन गट केले. दोघांनाही 12 आठवडे व्यायाम, आहार, माहिती दिली, आणि एका गटाचा गुडघाही बदलला. 2015 साली आलेल्या निकालात ऑपरेशनवाल्यांना आराम जास्त पडला, हे लपवण्यात अर्थ नाही. गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त होती. दुसऱ्या गटातल्या साधारण चौथ्या भागालाच वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावं लागलं.

रात्री दुखण्यानं झोप उडतेय, मनापासून व्यायाम करूनही घराबाहेर पडवत नाही, तर जरूर सर्जनकडे जा. तारीख मिळाली तरी मांडीचे व्यायाम चालू ठेवा. ऑपरेशननंतर वॉकर धरून उभं राहायचं ते याच स्नायूंच्या जोरावर, आणि नंतरचे कित्येक आठवडे पुन्हा हेच व्यायाम करायचे असतात.