प्रतिक्रियेला उत्तर : ‘दोन दिवस उपाशी ठेवा, येईल ताळ्यावर’

नमस्कार सर,

ॲनोरेक्सियावरच्या, म्हणजे खाणं टाळत टाळत शरीर खंगवणाऱ्या मानसिक आजारावरच्या, माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. तुमच्या मते ही खात्यापित्या घरांतली थेरं आहेत, पाश्चात्त्य फॅशन आहे. सगळं खापर दिसण्याच्या दबावावर फोडल्याबद्दलही तुम्ही माझ्यावर टीका केलीत. मेळघाटात मुलं कुपोषणाने दगावत असताना अशा मुलींवर लिहिणं शोभत नाही. आईचा धाक कमी पडला की त्याला आजाराचं नाव दिलं जातं. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, की तुमची नातही तीन-चार महिने ताटावरून अर्धवट उठते, तर तिच्या आईला तुम्ही सांगितलंय : दोन दिवस जेवण बंद कर, येईल ताळ्यावर.

बाकीच्या मुद्द्यांवर आपण वर्षभर वाद घालू शकतो. पण हे शेवटचं, सर, कृपा करून करू नका.

साध्या रुसव्यावर तो उपाय चालतही असेल. या आजारात मात्र उपासमारच आजाराला बळ देते. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले ३६ तरुण त्यासाठी स्वतःहून पुढे आले. सगळे शरीराने आणि मनाने धडधाकट, तसे पारखूनच घेतलेले. २४ आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास जेवण दिलं आणि त्यांचं वजन जवळपास पाव भागाने उतरलं. पण वजनापेक्षा त्यांची मनं कशी बदलली ते बघा. ती माणसं एकेका ताटावर तासन् तास बसू लागली, घास चिवडू लागली. पाककृतींची पुस्तकं वाचू लागली. मित्रांत मिसळेनाशी झाली, चिडचिडी आणि उदास झाली, सतत कुडकुडू लागली. पुन्हा पोटभर जेवण मिळायला लागल्यावरही कित्येकांची घडी बसायला महिने गेले. यातल्या कुणाला बारीक दिसायची हौस नव्हती, कुणाला धाकही कमी पडला नव्हता.

हे वाचलं तेव्हा मला माझी लेक दिसली. (तिच्या परवानगीनेच लिहिते आहे.) दहावीत होती. सुरुवात संकष्टीने झाली. मग सोमवार आला, गुरुवार आला, शनिवार आला. माझ्या सासूबाई कौतुकाने सगळ्यांना सांगायच्या, आमच्या नातीची श्रद्धा बघा. संकष्टीला चंद्र दिसला, नैवेद्य दाखवला, की आम्ही सगळे जेवायला बसायचो. तिचा उपास मात्र सुटायचाच नाही. एक पोळी, तिचे नखाएवढे तुकडे आणि एक तास. याच दिवसांत ती मोबाईलवर रात्र रात्र पाककृती बघायची, आम्हाला शिरा करून घालायची, पुरणपोळ्या लाटायची आणि स्वतः घासही घ्यायची नाही. एप्रिलात स्वेटर. केसांचे पुंजके न्हाणीघरात. पाळी थांबली, तेव्हा एका डॉक्टरांनी परीक्षेचं टेन्शन म्हणून टॉनिक दिलं. आम्हीही तेच धरून बसलो, कारण तेच हवं होतं.

तुम्ही विचाराल, मग आमचे उपासही आजार का? नाहीत. उपास करणारा माणूस तो सोडायची वाट बघत असतो. हिला सोडायचीच धास्ती होती.

धाकाचंही सांगते. मी तो करून बघितला. एकदा हातही उगारला, आणि ते मला अजून लागतं. त्या रात्री ती काहीच जेवली नाही.

आता ‘पाश्चात्त्य फॅशन’. रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने १६८९ मध्येच अशा दोन रुग्णांचं वर्णन केलंय, एक मुलगी आणि एक मुलगा. तेव्हा कॅमेराही नव्हता. हाँगकाँगमध्ये मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ मध्ये ॲनोरेक्सियाच्या ७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना जाड होण्याची भीती नव्हतीच. माझी मुलगीही कधी म्हणाली नाही, की मी जाड आहे. ती म्हणायची, पोट गच्च वाटतं. म्हणूनच आम्ही इतके महिने पोटाच्या डॉक्टरांकडे घालवले. दिसण्याचा दबाव खोटा नाही, आपल्याकडे ‘किती बारीक झालीस गं’ हे कौतुकच असतं. पण सगळं खापर त्यावर फोडणं चूक आहे आणि मागच्या लेखात मी तसं केलं होतं. तिथे तुमची टीका मला मान्य आहे.

मग मूळ कुठे? थोडं रक्तातच असतं. २०१९ मध्ये सुमारे १७,००० रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात जनुकांत आठ ठिकाणी या आजाराशी जोडलेले धागे सापडले आणि काही दुवे मनाबरोबर शरीराच्या चयापचयाशीही जुळले. थोडं स्वभावात असतं. आमची मुलगी लहानपणापासून एक अक्षर वाकडं आलं तर पान फाडणारी, दोन मार्क गेले तर जेवताना रडणारी. बरी झाल्यावर एकदा मला म्हणाली, “आई, पोट रिकामं असलं की डोक्यातला गोंगाट थांबायचा.” तेव्हा मला कळलं, की ती अन्नाशी नव्हे, भीतीशी झगडत होती. उपासाने भीती दबायची, आणि उपासमारीने मेंदू आणखी हट्टी, आणखी भित्रा व्हायचा. त्या चक्रातून तिला एकटीने बाहेर येता येणार नव्हतं.

आई दोषी, हा विचार तुमचा एकट्याचा नाही. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव रूढ करणाऱ्या लंडनच्या डॉक्टर विल्यम गल यांनी १८७४ मध्ये लिहिलं, की अशा रुग्णांच्या सेवेला नातेवाईक आणि स्नेही बहुधा सगळ्यात वाईट. पुढे शंभर वर्षं आयांनी हे ऐकून घेतलं. मग त्याच लंडनमध्ये, मॉड्सली रुग्णालयात, उलटं करून बघितलं गेलं : आईवडिलांनाच उपचाराच्या मध्यभागी बसवलं. १९८७ मध्ये निष्कर्ष आले. एकोणीसच्या आत सुरू झालेला आणि तीन वर्षांहून कमी जुना आजार असेल, तर कुटुंबासह केलेले उपचार सरस ठरले. मोठ्या वयाच्या रुग्णांत तसं दिसलं नाही, हेही सांगायला हवं.

आमच्याकडे हेच झालं. नाडी फार मंद होती म्हणून आधी रुग्णालय. शिवाय उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं. मग घर. समुपदेशक बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, कारणं नंतर शोधू, आधी जेवण. तीन जेवणं, तीन खाणी. ताट मी वाढायचं, शेजारी मी किंवा तिचे बाबा बसायचं, घासाघीस नाही, टोमणा नाही, वजनाचा विषय नाही. वरणभाताच्या चार घासांना दीड तास लागायचा. ती ओरडायची, मला नको नको ते बोलायची. मी एवढंच म्हणायचे, “हे औषध आहे, आणि मी इथून उठणार नाही.” वजन सावरायला सात महिने लागले, विचार सुटायला त्याहून जास्त. मग हळूहळू ताट तिच्या हातात दिलं, डबा तिचा तिने भरायला घेतला. आणि त्यानंतरच तिच्याशी मार्कांबद्दल, भीतीबद्दल बोलता आलं.

सगळ्यांना हाच मार्ग नसतो. बुलिमियात खाऊन उलटी काढली जाते आणि वजन बहुतेकदा नेहमीसारखंच असतं, त्यामुळे घरात वर्षानुवर्षं कळत नाही. तिथे ऑक्सफर्डला विकसित झालेली सुमारे वीस आठवड्यांची विचार-वर्तन उपचारपद्धती कामी येते, फ्लुओक्सेटिन या औषधाचाही उपयोग होतो. ॲनोरेक्सियावर मात्र तशी गोळी नाही. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांपैकी तो एक आहे.

राहिला मेळघाट. तुमचा राग रास्त आहे. पण मिनेसोटाचा तो प्रयोग युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं, हे शिकण्यासाठीच झाला होता. पोषण पुनर्वसन केंद्रात अतितीव्र कुपोषित बाळालाही सुरुवातीला थोडं थोडं, वरचेवर दूधच देतात, एकदम भरपूर अन्नाच्या त्याच धोक्यामुळे. त्या बाळाला अन्न मिळालेलं नसतं, माझ्या मुलीला समोर असून घेता येत नव्हतं. शरीर दोघांचंही सारखंच खंगतं. एकीच्या दुःखासाठी दुसरीला गप्प का बसवायचं?

आता तुमची नात. चक्कर येते का, हातपाय गार पडतात का, पाळी चुकते का, जेवून लगेच न्हाणीघरात जाते का, एवढं तिच्या आईला विचारा. यातलं एकही ‘हो’ असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. नाडी, रक्तदाब, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट, ईसीजी. वजन ठीक दिसलं तरी न्या. बेशुद्ध पडली तर थेट रुग्णालय. मनोविकारतज्ज्ञ जवळ नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि जेवण बंद करू नका. आज रात्री तिच्या शेजारी तुम्हीच तुमचं ताट घेऊन बसा. तुम्ही शिक्षक होतात, मुलांना बोलतं करायला तुम्हाला शिकवायला नको. डॉक्टर काय म्हणाले ते इथेच कळवा, मी वाट बघते.