फुंकर मारा, विषाणू ओळखा? यंत्राचा फोटो आधी नीट बघा

फोंड्याच्या मावशीने फॉरवर्ड पाठवला, खाली विचारणा: ‘चवथीला घर भरतं, मागवूया काय रे?’ मजकूर असा: अमेरिकेने मान्य केलेलं खिशातलं यंत्र, फुंकर मारली की तीन मिनिटांत कोरोना, फ्लू, असेल तो विषाणू कळतो, नाकात काडी नको, डॉक्टर नको. मावशीला काय बोलणार? पण हे पुढे ढकलणारे चांगले शिकलेसवरलेले आहेत.

अमेरिकेचं अर्धं खरं आहे, कबूल. १४ एप्रिल २०२२ रोजी तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, ‘इन्स्पेक्टआयआर’ कंपनीच्या श्वासचाचणीला आपत्कालीन वापराची परवानगी दिली. निकाल तीन मिनिटांच्या आत, हेही खरं. पण ते यंत्र विमानात सोबत नेतात त्या बॅगेएवढं. चालवायला प्रशिक्षित माणूस लागतो, वर वैद्यकीय देखरेख. खिसा कुठून आला?

‘असेल तो विषाणू’ ही तर शुद्ध थाप. ते यंत्र विषाणू बघतच नाही. संसर्गाशी संबंधित पाच संयुगं श्वासातून वेगळी करून ओळखतं. परवानगीही फक्त कोरोनापुरती.

आता फॉरवर्डमधला फोटो. ते काळं, पांढऱ्या नळीचं यंत्र दारू तपासायचा मीटर आहे! मोठं करून बघा, पडद्यावर ‘बीएसी’ दिसतं, म्हणजे रक्तातलं मद्याचं प्रमाण. यात फेणीचा पेग मारलेला धडधाकट माणूस सापडेल आणि तापाने फणफणलेला, थेंबही न घेतलेला शून्यावर सुटेल. मग तो शून्य मिरवत भरल्या घरात आरतीला उभा राहणार, घसा ताणून गाणार, पंगतीत म्हाताऱ्या आजीला खेटून बसणार. चीड येते ती याची.

डॉक्टर नको म्हणे! खऱ्या यंत्राच्या २,४०९ जणांवरच्या अभ्यासात ९१.२ टक्के बाधित पकडले गेले आणि ९९.३ टक्के निरोगी निगेटिव्ह आले. आकडे चांगलेच आहेत. पण हिशेब करा: हजारात दहाच बाधित असले, तर नऊ खरे सापडतात आणि सातेक निरोगीही अडकतात. म्हणूनच पॉझिटिव्ह आल्यास आरटीपीसीआरसारख्या चाचणीने खात्री करावी, असं एफडीएनेच सांगितलंय.

राहिली नाकातली काडी. फुंकर मारताना ती लागत नाही, बरोबर. पॉझिटिव्ह आलात की बहुधा लागतेच.