उजवा ब्रेक सोडायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘सायकल कंपन्या तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यात सायकल आणि ई-बाईकबद्दल सात ‘सत्यं’ दिली आहेत. थोडक्यात ती अशी: उजव्या हाताचा ब्रेक कधीही दाबू नका, तोंडावर आपटाल. ई-बाईकने व्यायाम शून्य होतो. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. पिन बसत असेल तर कुठलाही चार्जर चालतो. चेनला तेल जितकं जास्त तितकी ती टिकते. टायर दगडासारखे कडक ठेवा. आणि ई-बाईक एकदा बिघडली की थेट भंगारात.

माझ्या आत्याने हा मेसेज वाचला आणि तिच्या ई-बाईकच्या पुढच्या ब्रेकची वायर सोडवून घेतली. साठी ओलांडलेली आहे ती. गुडघ्यांमुळे चालणं कमी झालं होतं, या बाईकमुळे पुन्हा घराबाहेर पडायला लागली होती. फोनवर मला मोठ्या समाधानाने म्हणाली, ‘आता पडायची भीती नाही बघ.’ म्हणून हे लिहितोय, आणि चिडूनच लिहितोय. (ई-बाईक म्हणजे इथे पायडल मारल्यावर मोटरची साथ मिळते ती सायकल. नुसता थ्रॉटल पिळून पळणाऱ्या गाड्यांबद्दल मी बोलत नाही.)

आधी ब्रेकचं बघू. बाकीच्या बहुतेक सल्ल्यांनी फार तर चेन किंवा बॅटरी वाया जाईल, या सल्ल्याने माणूस जाईल.

मुळात उजवा ब्रेक म्हणजे कुठला? ज्या देशांत वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात तिथे पुढच्या चाकाचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो. अमेरिकेत आणि युरोपातल्या बहुतेक देशांत तो डाव्या हाताला असतो. सायकल त्या पद्धतीने जोडलेली असेल, तर हा मेसेज पाळणारा माणूस मागचा ब्रेक सोडून देईल आणि एकटा पुढचाच दाबत राहील. म्हणजे ज्या गोष्टीची भीती घातली आहे, नेमकी तीच त्याच्याकडून होईल. लाखो लोकांना सल्ला देणाऱ्याने निदान ‘पुढचा’ की ‘मागचा’ एवढं तरी लिहायचं होतं. तुमच्या सायकलचा कुठला ब्रेक कुठल्या चाकाचा, हे बघायला अर्धं मिनिटही लागत नाही: सायकल हाताने ढकलत एकेक लिव्हर दाबा आणि कुठलं चाक अडतंय ते बघा.

समजू या की लिहिणाऱ्याला पुढचाच ब्रेक म्हणायचा होता. ब्रेक लागला की सगळा भार पुढे सरकतो. पुढचं चाक रस्त्यावर जास्त दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला रस्त्याची पकड उरत नाही. त्यामुळे मागचा ब्रेक कचकन दाबला की चाक फिरायचं थांबतं, सायकल मात्र घसरत पुढे जातच राहते. कोरड्या, सपाट रस्त्यावर दोन्ही ब्रेक मिळून एकट्या मागच्या ब्रेकच्या साधारण दुप्पट जोराने सायकल थांबवतात. ताशी २५ किलोमीटर वेगाचा ढोबळ हिशोब करा: दोन्ही ब्रेक नीट वापरले तर पाचेक मीटरमध्ये सायकल उभी राहते, एकट्या मागच्याला दहाएक मीटर लागतात. शिवाय धोका दिसून बोटं लिव्हरवर पोचेपर्यंत एक सेकंद जरी गेला, तरी सात मीटर आधीच मागे पडलेले असतात. उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं, एखादं पोर चेंडूमागे धावत रस्त्यात आलं, तर ते वरचे पाच मीटर आणायचे कुठून? त्यात ई-बाईक वजनाने जड, आणि तिच्यावर माणूस नकळत जास्त वेगात असतो. तिचाच पुढचा ब्रेक निकामी करून घ्यायचा, हे ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला.

पुढच्या ब्रेकने माणूस हँडलवरून पालथा पडू शकतो, हे मात्र मला नाकारता येत नाही. पडलेली माणसं मीही पाहिली आहेत. पण ती पडतात ती दचकून लिव्हर एकदम आवळल्यामुळे, हात ढिले आणि अंग ताठ असल्यामुळे. सायकल थांबते, माणूस थांबत नाही. वाळूवर, ओल्या रंगवलेल्या पट्ट्यांवर किंवा वळणावर सायकल कललेली असताना पुढचा ब्रेक जोरात दाबला तर पुढचं चाक घसरतं, हेही खरं. अशा ठिकाणी वेग आधीच कमी करायचा असतो. पण यावरचा उपाय ब्रेक वापरायला शिकणं हा आहे, आणि ते अवघड नाही.

रिकामी, कोरडी, सपाट जागा शोधा. हळू वेगात या. पायडल आडवे, म्हणजे दोन्ही पाय एकाच उंचीवर ठेवा. दोन्ही लिव्हरवर दोन-दोन बोटं. आता दाबायला सुरुवात करा, पण हळूहळू वाढवत. त्याच वेळी कंबर सीटवरून जराशी उचलून मागे न्या, अंग खाली घ्या आणि तळहातांनी हँडलला रेटा द्या. ब्रेक दाबत न्याल तसं मागचं चाक हलकं होऊन घसरू लागल्याचं कळेल. तोच इशारा: पुढचा ब्रेक किंचित सोडायचा, चाक पुन्हा टेकतं. पुन्हा या, थोड्या जास्त वेगात. काही वेळाने बोटांना अंदाज येतो आणि पुढच्या ब्रेकची भीती जाते. आत्याकडूनही मी हेच करून घेणार आहे, वायर जोडून झाली की.

वायर जोडतानाही एक बघायचं. ब्रेकचं रबर पूर्ण रिमला लागलं पाहिजे, टायरला घासता कामा नये आणि रिमच्या खाली लोंबता कामा नये. लिव्हर करकचून दाबल्यावर ती हँडलला टेकत असेल तर वायर अजून सैल आहे. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कला तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही. हे आता सांगतोय, कारण तो चेनला भरमसाट तेल घालण्याचा सल्ला पुढे येतोच आहे, आणि मागची डिस्क चेनच्या जवळच असते.

‘व्यायाम शून्य’ हा दुसरा मुद्दा. आत्याला सगळ्यात जास्त हाच लागला. ‘मग मी फुकटच फिरत होते का रे?’ असं तिने विचारलं. नाही आत्या, फुकट नाही.

२०१९ साली युरोपातल्या सात शहरांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अँटवर्प, बार्सिलोना, लंडन, ओरेब्रो, रोम, व्हिएन्ना आणि झुरिक ही ती शहरं. लोक आठवड्याभरात शरीराला किती कष्ट देतात, हे त्यात मेट-मिनिटांत मोजलं होतं. मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराच्या किती पट ताकद खर्च होते त्याचं माप. साध्या सायकलवाल्यांचा आकडा आला ४०८५ आणि ई-बाईकवाल्यांचा ४४६३. म्हणजे दोघं जवळपास सारखेच. याचं कारणही त्याच अभ्यासात सापडतं: ई-बाईकवाले लांब जातात. त्यांची एक फेरी सरासरी ९.४ किलोमीटरची होती, साध्या सायकलवाल्यांची ४.८ किलोमीटरची. चढ, उलटा वारा, पाठीवरचं ओझं यांना कंटाळून जे अंतर माणूस टाळतो, ते तो मोटरच्या साथीने कापतो.

ही माहिती लोकांनी स्वतः भरून दिलेली होती, प्रत्येकाच्या छातीला यंत्र लावून मोजलेली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. आणि मेसेजमध्ये जे अर्धं खरं आहे तेही सांगून टाकतो: एकाच रस्त्यावर, एकाच अंतराला ई-बाईकवर कष्ट कमी पडतात. रोज साधी सायकल चालवणाऱ्या धडधाकट माणसाने ती सोडून ई-बाईक घेतली आणि तेवढ्याच अंतरावर सर्वांत जास्त मदतीच्या सेटिंगवर फिरला, तर त्याचा व्यायाम घटेल. त्याच अभ्यासातही सायकल सोडून ई-बाईकवर आलेल्यांची प्रवासातली हालचाल थोडी कमी झालेली दिसते. पण गाडी किंवा बस सोडून आलेल्यांची त्याहून कितीतरी जास्त वाढलेली दिसते. आणि आत्या साध्या सायकलवरून ई-बाईकवर आलेलीच नाही. ती सोफ्यावरून ई-बाईकवर आली आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की समजायचं मध्यम व्यायाम चालू आहे. मदतीची पातळी एक घर खाली आणली की ई-बाईकवर तेवढा दम लागतो.

आता बॅटरी. ‘पूर्ण उतरवूनच चार्ज करा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. आजच्या ई-बाईकमध्ये लिथियम-आयन असते, आणि तिला तळ गाठायला लावणं हाच त्रास आहे. तीस-चाळीस टक्क्यांवर आली की खुशाल लावा. रोज शंभर टक्के भरायचीही गरज नसते, लांब जायचं असेल तेव्हा भरा. बरेच दिवस वापरायची नसेल तर निम्म्याच्या आसपास भरून थंड, कोरड्या जागी ठेवा. अगदी रिकामी करून महिनोन्महिने कोपऱ्यात टाकलेली बॅटरी पुन्हा उठत नाही.

‘कुठलाही चार्जर चालतो’ हा सल्ला मात्र ब्रेकइतकाच घातक आहे. ३६ व्होल्टची म्हणून विकली जाणारी बॅटरी पूर्ण भरते तेव्हा ४२ व्होल्टवर असते, ४८ व्होल्टची ५४.६ वर. दोन्हींच्या चार्जरची पिन दिसायला सारखी असू शकते. ४८ वाल्याचा चार्जर ३६ वालीला लावला, तर मधे उभं असतं ते फक्त बॅटरीतलं संरक्षक सर्किट. ते स्वस्तातलं किंवा बिघडलेलं असेल तर पुढचं सांगायला नको. २०२३ साली न्यूयॉर्क शहरात लिथियम-आयन बॅटऱ्यांनी लागलेल्या आगींत १८ जण दगावले. सुरक्षेची प्रमाणपत्रं नसलेल्या ई-बाईक आणि बॅटऱ्या विकायला तिथे त्याच वर्षी बंदी आली. म्हणून बॅटरीसोबत आलेला किंवा कंपनीने त्याच बॅटरीसाठी सांगितलेला चार्जर सोडून दुसरा लावायचा नाही. बॅटरी फुगली, आपटली, पाण्यात बुडाली किंवा तिला वेगळाच वास यायला लागला, तर चार्जिंग बंद. झोपताना लावून ठेवायची नाही, आणि घराबाहेर पडायच्या एकमेव दाराशी तर अजिबात नाही.

चेनचं तेल. तेल लागतं ते आत, पिन आणि रोलर जिथे एकमेकांवर घासतात तिथे. बाहेर राहिलेलं तेल रस्त्यावरची धूळ गोळा करतं आणि त्या चिकट काळ्या लगद्यानेच चेन झिजते. म्हणून एकेका रोलरवर एकेक थेंब सोडायचा, पायडल उलटं फिरवायचं, तेल आत मुरू द्यायचं आणि मग कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढायचं. तेल चेनचंच घ्या. स्वयंपाकाचं तेल काही दिवसांनी डिंकासारखं चिकटतं.

चेन झिजली की नाही, हे कुणाला विचारायचीही गरज नाही. एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत अर्धा इंच असतो, म्हणून नव्या चेनवर अशी २४ अंतरं बरोबर १२ इंचांत बसतात. चेन ताणून धरा, टेपचा शून्य एका पिनच्या मधोमध लावा आणि बाराच्या रेघेपाशी बघा. पिन रेघेच्या एक-षोडशांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक-अष्टमांश गेली असेल तर बहुतेक मागची दातेरी चक्रंही तिच्याबरोबर गेली. पायडलपाशी मोटर असलेल्या ई-बाईकमध्ये मोटरचा जोरही चेनमधूनच जातो, त्यामुळे तिथे हे माप जरा लवकर-लवकर घ्यावं.

टायरबद्दल दोनच वाक्यं. किती हवा भरायची त्याची मर्यादा टायरच्या कडेवरच छापलेली असते, त्या मर्यादेत आपल्या वजनाप्रमाणे भरा. दगडासारखा टायर खडबडीत रस्त्यावर उसळतो, पकड सोडतो आणि पाठीला दणके देतो.

राहिला भंगाराचा मुद्दा. ई-बाईकचे ब्रेक, टायर, ट्यूब, स्पोक, हँडल, सीट ही सगळी सायकलच असते आणि सायकलसारखीच दुरुस्त होते. जिथे अडतं ती मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी. काही मोटरींचे भाग आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीशिवाय कुणाकडे नसतात, आणि कंपनीनेच ते मॉडेल बंद केलं तर खरंच पंचाईत होते. एवढ्यापुरतं मेसेजचं म्हणणं मान्य. म्हणून पैसे मोजण्याआधी दुकानातच दोन गोष्टी करा. याच मॉडेलची सुटी बॅटरी आज मिळते का, ते विचारा. आणि मागच्या चाकात मोटर असेल तर ते चाक तुमच्यासमोर काढून परत बसवून दाखवायला सांगा. वायरचा जोड कुठे सुटतो, नटला कुठल्या मापाचा पाना लागतो, नटखालचा वॉशर कुठल्या बाजूने बसतो, हे तिथेच बघून घ्या. पहिलं पंक्चर रस्त्यात होतं, तेव्हा हेच लागतं.