‘क्रॉनमध्ये टाका आणि विसरा’ या सल्ल्याबद्दल

लिनक्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला दर दोन-चार महिन्यांनी फिरून येतो. त्याचा मथितार्थ असा: ‘बॅकअपसाठी रेस्टिक, बोर्ग हे सगळे चोचले आहेत. क्रॉनमध्ये रात्री दोनला आरसिंकची एक ओळ टाका, सोबत --डिलीट लावा आणि विसरून जा. त्या टूलांमध्ये डेटा एन्क्रिप्ट होतो, उद्या अडकला तर बसा बोंबलत.’ (क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा लिनक्सचा प्रोग्राम, आरसिंक म्हणजे फाइलींची दुसरीकडे प्रत करणारं टूल, रेस्टिक आणि बोर्ग ही खास बॅकअपची टूलं, आणि एन्क्रिप्ट म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं करणं.) सल्ला देणारे काही अडाणी नाहीत. मीही बरीच वर्षं हेच करत होतो, आणि म्हणूनच लिहितोय.

आधी ती ‘एक ओळ’. आरसिंकबद्दल माझी तक्रार नाही. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलेलं हे टूल मी आजही रोज वापरतो. फाइलचा बदललेला तेवढाच भाग नेटवर्कवरून पाठवण्याची त्याची करामत अजून जुनी झालेली नाही. पण दोन जागा सारख्या करणं एवढंच त्याचं काम. --डिलीट लावलं की इकडे जे नाही ते तिकडूनही जातं. सोमवारी दुपारी हिशेबाची फाइल चुकून उडवली आणि मंगळवारी सकाळी लक्षात आलं, तर मधे रात्रीचे दोन वाजून गेलेले असतात. रॅन्समवेअरनं, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, फाइलींची वाट लावली असेल, तर त्या वाट लागलेल्या फाइलीही आरसिंक इमानेइतबारे पलीकडे पोचवतं.

माझ्याकडे घडलं ते याहून साधं. घरचे फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर होते आणि ती डिस्क ‘/एमएनटी/फोटो’ला माउंट व्हायची, म्हणजे त्या फोल्डरमध्ये दिसायची. वीज गेली, मशीन परत सुरू झालं, पण केबल सैल असल्यामुळे डिस्क माउंट झालीच नाही. मागे उरला त्याच नावाचा रिकामा फोल्डर. वाचताना एरर आली तर आरसिंक पुसण्याचं काम आपणहून थांबवतं, पण रिकामा फोल्डर ही काही एरर नव्हे. त्यानं रिकामा फोल्डर पाहिला आणि पलीकडची प्रत तशीच रिकामी करून ठेवली. मूळ डिस्क शाबूत होती म्हणून निभावलं. --मॅक्स-डिलीटनं पुसण्यावर मर्यादा घालता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

यावर हमखास येणारं उत्तर: ‘मग --लिंक-डेस्ट लावून तारखेनुसार प्रती ठेवा.’ ठेवता येतात, आणि ते चांगलंच आहे. फक्त न बदललेली फाइल सगळ्या तारखांत हार्डलिंकनं एकच असते, म्हणजे नावं अनेक पण डिस्कवर डेटा एकदाच. ती डिस्कवर खराब झाली की सगळ्याच तारखांची गेली. शिवाय जुन्या प्रती काढणं, अर्धवट राहिलेली प्रत ओळखणं हे सगळं स्क्रिप्टमध्ये आपणच लिहायचं. एक ओळ कधीच संपली!

आता क्रॉन. लॅपटॉप रात्री दोनला झोपलेला असला तर क्रॉन त्या रात्रीचं काम नंतर भरून काढत नाही. त्यासाठी ॲनाक्रॉन किंवा ‘पर्सिस्टंट’ लावलेला सिस्टमडी टायमर हवा. आणखी एक खोच म्हणजे टक्क्याचं चिन्ह. फोल्डरला तारखेचं नाव द्यायला ‘डेट +%एफ’ अशी कमांड टर्मिनलवर छान चालते. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, मात्र % म्हणजे ओळ तिथेच संपली, म्हणून त्याआधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. नाही दिला तर कमांड रोज रात्री अर्ध्यात तुटते, आणि आपण तर ‘विसरून गेलो’ असतो.

विसरण्याची किंमत गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीनं स्वतःच उघडपणे सांगितली आहे. ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरनं चुकून मुख्य सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधायला गेले तर ते नव्हतेच. डेटाबेस पोस्टग्रेस या प्रोग्रामच्या ९.६ आवृत्तीवर, बॅकअपची कमांड ९.२ ची, त्यामुळे ती रोज फसत होती. फसल्याची मेल जात होती, पण समोरचा सर्व्हर ती नाकारत होता. शेवटी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हातानं घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, कामी आला.

एन्क्रिप्शनची भीती मात्र अर्धी खरी आहे. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा गेला, कोणी काढून देणार नाही. आरसिंकची प्रत कुठल्याही मशीनवर सरळ उघडते, हा तिचा मोठा गुण. पण रेस्टिकचा कोड आणि फॉरमॅट दोन्ही उघड आहेत, आणि एकाच रिपॉझिटरीला, म्हणजे बॅकअपच्या साठ्याला, दुसरी किल्ली म्हणजे दुसरा पासवर्ड जोडता येतो. माझी दुसरी किल्ली कागदावर लिहून बहिणीच्या कपाटात आहे. बदल्यात ७ दिवस, ५ आठवडे, १२ महिने असे स्नॅपशॉट ठेवायचं रेस्टिकच्या ‘फर्गेट’ या एका कमांडीत ठरतं. ‘फर्गेट’ नुसती नोंद काढतं, जागा मोकळी करायला --प्रून लागतं, एवढं लक्षात ठेवायचं.

आणि रेस्टिकचं ‘चेक’ नुसतंच चालवलं तर फक्त रचना तपासली जाते. डेटा खरोखर वाचायला --रीड-डेटा-सबसेट=५% असं सांगावं लागतं. मी ते रविवारी क्रॉनमधून चालवतो. पहिल्या रविवारी चाललं नाही. बॅकस्लॅश विसरलो होतो.