बॉब युकरचे ते २७ चेंडू (एका कमेंटला उत्तर)

दादा, अमेरिकन बेसबॉलपटू बॉब युकरवरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. सहा सीझनमध्ये १४ होमरन (आपल्या सिक्ससारखे), .२०० बॅटिंग सरासरी, एका वर्षात २७ चेंडू हातातून सुटलेले, अशा राखीव कॅचरवर (म्हणजे बॅटरमागचा कीपर) एवढा लेख कशाला, पुढे टीव्हीवर गाजला म्हणून का, असं तुमचं म्हणणं. आकडे बरोबरच आहेत, १९६४ ला त्याची टीम कार्डिनल्स वर्ल्ड सिरीज (सीझनची अंतिम मालिका) जिंकली तेव्हा सातही मॅच मुख्य कॅचर टिम मॅकार्व्हर खेळला आणि युकर बाकावर होता हे तर मीच लिहिलंय. पण त्या २७ चेंडूंवरून तुम्ही त्याला कच्चा कॅचर ठरवताय ते मला अजिबात पटलेलं नाही.

१९६७ च्या जूनमध्ये तो अटलांटा ब्रेव्हजकडे आला, तिथे फिल नीक्रो हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. त्याचा नकलबॉल म्हणजे बोटांच्या टोकांत धरून जवळजवळ फिरकी न देता सोडलेला चेंडू, तो हवेत कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही, मग बॅटर चुकतो तसा कॅचरही चुकतो. कीपरच्या हातून बाइज जातात ना तसंच, बेसवरचा रनर पुढे पळतो आणि नावावर लागतं कॅचरच्या. म्हणून रनर असला की असा चेंडू टाकायची भीती वाटते. युकरने त्याला सांगितलं, जिंकायचं असेल तर नकलबॉलच टाकत राहा, अडवायचं मी बघतो. हे खुद्द नीक्रोने नंतर सांगितलंय! त्या वर्षी नीक्रोचा ईआरए (पिचरने नऊ इनिंगमागे सरासरी किती रन दिले तो आकडा) १.८७, नॅशनल लीगमध्ये सगळ्यात कमी, आणि सगळ्यात जास्त पास्ड बॉल, म्हणजे कॅचरच्या हातून सुटलेले चेंडू, युकरचे. ही एकच गोष्ट आहे हो, दोन नाहीत. नीक्रो पुढे ३१८ मॅच जिंकून हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेला, युकरचं खेळणं मात्र १९६७ लाच संपलं.

तुमचं एक मान्य, टीव्हीवरच्या किश्शांना मी जास्त जागा दिली आणि रेडिओ दोन ओळींत उरकला. १९७१ पासून २०२४ पर्यंत, ५४ सीझन, स्वतःच्या जन्मगावी मिलवॉकीत तिथल्या ब्रुअर्स टीमची रेडिओ कॉमेंट्री, चेंडू कुंपणाकडे निघाला की "गेट अप, गेट अप, गेट आउटा हिअर, गॉन!" २०२३ ला कॅन्सर निघाला तरी माइक सोडला नाही. १६ जानेवारी २०२५ ला गेला, ९१ वा वाढदिवस दहा दिवसांवर होता.

तो भाग वाढवून टाकतो, आणि लेखातल्या तक्त्यात २७ च्या शेजारी नीक्रोचे १.८७ पण लिहितो.